बंब येईपर्यंत



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि इतरांनी ऐकावे, असा रिवाज चालत आला आहे. आम्ही विद्वान नाही. आम्ही एका आळीतील सात-आठ माणसे आहोत. आमच्यात एक शाळामास्तर आहे, एक औषधांच्या दुकानात बसणारा आहे, एक यंत्रमागाच्या कारखान्यातील जॉबर आहे आणि दोघे रिक्षा चालवतात. बोलण्याची सवय मास्तरांना, म्हणून तोंड त्यांचे. परंतु सांगायचे आहे ते सर्वांचे, म्हणून आज येथे 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणणार आहोत. कार्यकर्त्यांनी आम्हांला बोलावले, हा त्यांचा मोठेपणा. व्याख्यान पसंत पडले नाही, तर दोष मात्र आमचा.

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण सर्वजण जाणतो. ती आपण नेहमी बंबाची थट्टा म्हणून वापरतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की या म्हणीत बंबाचा काही दोष नाही. रामेश्वर आणि सोमेश्वर यांच्यामध्ये अंतर आहे, आणि ते अंतर तोडायला वेळ लागतो. बंब कितीही चपळ असला, तरी अंजूरफाट्याच्या कोंडीत तो उडून जाऊ शकत नाही. मग त्या मधल्या वेळेचे काय करावयाचे? तो वेळ कोणाचा? आज आम्हांला बोलायचे आहे ते त्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांविषयी.

प्रथम थोडा इतिहास. आग विझवणे हे पगारी माणसांचे काम आहे, असे आपल्याला वाटते. जगात मात्र याची सुरुवात बहुतेक ठिकाणी शेजाऱ्यांनी केली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली फिलाडेल्फियात शेजारीपाजारी जमवून आग विझवणारे मंडळ काढले. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात १८५१ साली वालपराइझो बंदरात असे पथक उभे राहिले. त्या देशातील अग्निशमन दल आजही स्वयंसेवकांचेच आहे. दिवसा कोणी वकील, कोणी सुतार, कोणी विद्यार्थी. भोंगा झाला की सर्व शिपाई. जर्मनीतील आणि जपानातील खेड्यापाड्यांतही हीच रीत आहे.

पुढे या मंडळींच्या कामात एक मोठा पालट झाला. घरे पक्की झाली, विजेच्या तारा सुधारल्या आणि आगी कमी झाल्या. परंतु लोकांना एक गोष्ट उमगली होती, की रात्री-अपरात्री हाक मारली तर 'ओ' देणारे घर गावात एकच आहे, आणि ते म्हणजे बंबाचे ठाणे. मग कोणाच्या छातीत कळ आली, कोणाचे बाळ गुदमरले, कोणी जिन्यावरून पडले, की हाक तिकडेच जाऊ लागली. अमेरिकेत आज अग्निशमन दलांना येणाऱ्या हाकांपैकी निम्म्याहून अधिक हाका आजाऱ्यांच्या आणि जखमींच्या असतात. सिॲटल शहरात डॉ. लेनर्ड कॉब यांनी १९७० साली बंबवाल्यांनाच हृदयविकाराच्या तातडीच्या उपचाराचे शिक्षण दिले. दोन वर्षांत त्यांच्या ध्यानात आले, की बंबवालाही उशिराच पोहोचतो. त्याच्या आधी तेथे घरचे माणूस असते. म्हणून १९७२ पासून त्यांनी सामान्य नागरिकांना शिकवावयास आरंभ केला. आमच्या आजच्या बोलण्याचे सारे सार या एका पालटात आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या भिवंडीत स्वयंसेवकांचे अग्निशमन दल नाही. महानगरपालिकेचे दल आहे, आणि मोठी आग लागली की ठाणे, कल्याण, उल्हासनगर येथून बंब मदतीला येतात. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या रस्त्यावर आल्या. ही सेवा मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु आपल्या गावाची रचना तुम्ही जाणताच. एका भिंतीला लागून दुसरी भिंत, खाली माग, वर बिऱ्हाडे, आणि बोळ असा की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. गाडी नाक्यापर्यंत येते. नाक्यापासून घरापर्यंत माणूसच जातो.

२१ सप्टेंबर २०२० ची पहाट येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांना आठवत असेल. धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत पहाटे चारच्या सुमारास, माणसे झोपेत असताना खाली आली. चाळीसच्या आसपास जीव गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, ठाण्याचे पथक आले, आणि त्यांनी दिवसरात्र राबून माणसे काढली. पण पहिली माणसे ढिगाऱ्यातून बाहेर काढली, ती शेजाऱ्यांनी. उघड्या हातांनी आणि मोबाइलच्या उजेडात. पुढे २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्यातील वर्धमान कंपाउंडमधील इमारत पडली. आठ माणसे गेली. आणि एक माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत बाहेर निघाला. या दोन्ही वेळी गाव धावले. धावण्यात भिवंडी कोणाला हार जाणार नाही. प्रश्न एवढाच आहे, की धावून गेल्यावर आपल्या हातांना काय येते?

या प्रश्नाने आम्हांला कसे गाठले, ते सांगतो. ही गोष्ट आमच्या कमीपणाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतील एका कारखान्यात रात्रपाळीचा एक कारागीर मागावरच कोसळला. माग बंद झाले. आम्ही धावलो. तीस-चाळीस माणसे भोवती जमली. कोणी म्हणाले, फिट आली आहे, चप्पल हुंगवा. कोणी कांदा फोडून आणला. कोणी तोंडात पाणी घातले. एक चाचा सारखे म्हणत होते, "अरे, जरा हवा येऊ द्या," पण कोणीच मागे हटले नाही. माणूस मधूनमधून आचके देत होता, आणि आम्ही एकमेकांना सांगत होतो, 'श्वास चालू आहे, घाबरू नका.' पंधरा मिनिटांनी आम्ही त्याला रिक्षात घातले, दोघांच्या मध्ये, कमरेत दुमडून. रुग्णालयात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "आणलात तेव्हाच संपले होते."

त्यानंतर आम्ही शिकायला गेलो, तेव्हा शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगितले: बेशुद्ध माणसाचे आचके म्हणजे श्वास नव्हे, हृदय थांबल्याची ती खूण आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. त्या रात्री आमच्यातल्या एकालाही झोप आली नाही.

तेव्हा आम्ही जे शिकलो, त्यातले थोडे तुमच्यापुढे ठेवतो. भाषण ऐकून पोहणे येत नाही, हे खरे. तथापि पाणी कोठे खोल आहे, एवढे तरी कळते.

हृदय थांबले की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. आणि काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. १९६० साली बाल्टिमोरच्या तीन संशोधकांनी (कूवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी) दाखवून दिले, की छाती न उघडता, बाहेरून दाबूनही रक्त फिरते ठेवता येते. त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. माणूस हलवून, हाक मारून जागा होत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मधल्या हाडावर तळहात ठेवावा, त्यावर दुसरा हात, कोपरे ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावे. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दोन मिनिटांत दाबणारा दमतो. तेव्हा माणूस बदलावा, पण काम थांबवू नये. रिक्षात, दुमडलेल्या अंगावर हे होत नाही. म्हणून घाईने उचलून नेण्यापेक्षा पुष्कळदा जागेवरच हात लावणे श्रेयस्कर असते.

दुसरे, भाजणे. आपले गाव कापडाचे आणि सायझिंगच्या वाफेचे. भाजल्यावर टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांपैकी काही लावू नये. नळाचे साधे थंड पाणी वीस मिनिटे वाहू द्यावे, बर्फ नको. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. ते ओढू नये, भोवतीचे कापावे. फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने झाकावे. आणि आगीत माणूस बहुधा ज्वाळेने मरत नाही, धुराने मरतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून धुरात शिरणे हे शौर्य नव्हे. ज्याच्याकडे श्वासाचे नळकांडे आहे त्याचेच ते काम. आमचे काम बाहेर: किती माणसे आत आहेत, आजारी कोण, जिना कोठे, हे बंबवाल्याला सांगणे.

तिसरे, विजेचा धक्का. चिकटलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. एकाच्या मागोमाग दुसरा चिकटला, अशा बातम्या आपण वाचतो. हीच गत बंद टाकीत किंवा गटारात उतरणाऱ्यांची होते. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, आणि वर येत कोणीच नाही. माया माणसाला आत ओढते. शिक्षण त्याला क्षणभर काठावर थांबवते. तो क्षण फार मोलाचा असतो.

चौथे, पावसाळ्यात आपल्या तालुक्याच्या भातशेतीत साप निघतात. चावलेल्या जागी कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. हातपाय हलू न देता, जखमीला धीर देत, सर्पविषावरची लस जेथे आहे तेथे न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. याच कोकणात, महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे मृत्यू साध्या, स्वस्त औषधाने कमी करून दाखवले. उपचार नेहमी महाग असतो असे नाही. पण तो वेळेवर लागतो.

पाचवे थोडे अवघड आहे, आणि ढिगाऱ्याशी त्याचा संबंध आहे. ज्याच्या मांडीवर तुळई पडली आहे त्याला पाहून ती ताबडतोब उचलावी, असे कोणालाही वाटेल. पहिल्या काही मिनिटांत ते बरोबरही आहे. परंतु तासाहून अधिक काळ दाबले गेलेले स्नायू मरू लागतात, आणि दाब निघताच त्यांतील विषारी द्रव्ये एकदम रक्तात उतरून हृदय बंद पाडतात, मूत्रपिंडे निकामी करतात. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांनंतर १९४१ साली डॉ. बायवॉटर्स यांनी ही गोष्ट मांडली. बोलता-बोलता माणूस बाहेर निघतो आणि थोड्याच वेळात जातो. म्हणून अशा वेळी आधी शिरेतून सलाइन, मग तुळई. आणि ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तोवर आपण काय करावे? त्याचा हात धरून बसावे. हेही काम आहे, बंधूंनो. आम्हांला तर हेच सर्वांत कठीण वाटते.

कोणी विचारील, 'पण पोलिसांचे लचांड मागे लागले तर?' हा प्रश्न खरा आहे. महामार्गावरील एका अपघातात आम्ही एका तरुणाला उचलून नेले, तेव्हा एका रुग्णालयात उपचाराआधी आमचीच उलटतपासणी झाली. आमच्यातील रिक्षावाल्याची त्या दिवसाची कमाई बुडाली, ती वेगळी. परंतु आता कायदा आपल्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना मान्य केल्या, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. रस्त्यावरील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी दावा लागत नाही. नाव सांगण्याची सक्तीही नाही. हे कागद आम्ही घडी करून खिशात ठेवतो. अडवणारा बहुधा दुष्ट नसतो. त्याला ठाऊक नसते.

आणखी एक शंका आम्हांला नेहमी विचारली जाते: 'या गावात कोण कोणासाठी धावणार?' विचारणाऱ्याच्या मनात १९७० आणि १९८४ असते. त्या जखमा आम्ही नाकारत नाही. परंतु त्याच गावात १९८८ नंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील साधी माणसे आठवड्या-पंधरवड्याला एका सतरंजीवर बसू लागली. आणि डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ या काळात मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांचे मर्म आमच्या मते एकच होते: संकट येण्याआधी माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती. आमच्या कामाचेही मर्म तेच आहे. कोणत्या खोलीत म्हातारी एकटी असते, कोणाला साखरेचा आजार आहे, कोणत्या गोदामात रसायनांची पिंपे आहेत, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. ते ठाण्यातल्या नकाशावर नसते.

गोदामांवरून आठवले. १४ एप्रिल हा बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस; तोच अग्निशमन सेवा दिनही आहे. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकीन' हे जहाज पेटले. त्यात कापसाच्या गासड्या होत्या आणि शेकडो टन स्फोटकेही होती. बंबवाले विझवत असतानाच स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा झाला, आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांना आपण दरवर्षी वंदन करतो. पण कापसाच्या शेजारी स्फोटके ठेवू नयेत, हा त्यांच्या मरणाचा धडा आपल्या गोदामवाल्या गावाने किती गिरवला, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आता शेवटचे. हे सर्व शिकून आम्ही कितीजणांना वाचवले, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे, तर ज्याच्या छातीवर आम्ही प्रथम हात ठेवले, ते गृहस्थ वाचले नाहीत. वीस मिनिटे आम्ही आळीपाळीने दाबत होतो. रुग्णवाहिका आली, त्यांनीही शर्थ केली. उपयोग झाला नाही. दुसऱ्या वेळीही तेच झाले. आमच्यातला एकजण म्हणाला, "हे आपल्याला झेपायचे नाही." तेराव्याच्या दिवशी त्या गृहस्थांचा मुलगा आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "काका, आईला एवढेच समाधान आहे, की बाबा गेले तेव्हा लोक नुसते बघत उभे नव्हते." तो उठून गेला. सोडून जाण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

तिसऱ्या वेळी चार वर्षांचे एक पोर होते. घशात चिंच-गोळी अडकलेली, ओठ निळे. आमच्यातल्या जॉबरने त्याला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा मारल्या, गोळी निघेना. मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर झटका दिला. गोळी जमिनीवर पडली आणि पोर मोठ्याने रडू लागले. त्या रडण्याइतके गोड आम्ही आयुष्यात दुसरे काही ऐकलेले नाही. त्याची आई इतकी घाबरली होती, की तिने आधी पोराच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग जॉबरचे पाय धरले.

सरकारने 'आपदा मित्र' योजना २०१६ साली ३० पूरप्रवण जिल्ह्यांत आणली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्याचे ठरवले. होमगार्ड आहेत, नागरी संरक्षण दल आहे. शिकायला दारे आहेत, ठोठावणारे हवेत. आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक आळीत, प्रत्येक कारखान्याच्या प्रत्येक पाळीत दोन माणसे अशी असावीत, ज्यांचे हात शिकलेले आहेत. कारखानदारांनी त्यांना वर्षातून दोन दिवस भरपगारी सोडावे. शाळांनी नववीच्या मुलांना छाती दाबायला शिकवावे. आणि गर्दी करणाऱ्यांनी चार पावले मागे सरावे. हे तर आज रात्रीपासूनच करता येईल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. आमच्या आळीने ती तशीच खणली. एका माणसाच्या जिवाच्या मोलाने. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज उभे राहिलो. सभा संपल्यावर आम्ही दाराशी एक सतरंजी अंथरून, रबरी पुतळा घेऊन बसणार आहोत. जाता-जाता पाच मिनिटे गुडघे टेकून आपले हात त्या छातीवर ठेवून पाहा. बंब येईलच, तो यायचा कधी राहिलेला नाही. तो येईपर्यंत मात्र गावात आपणच आहोत.